हिमप्रदेशातील उष्णोदके

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोकियोचे झगमगते रस्ते, बुलेट ट्रेन आणि चेरीचा बहर एवढेच चित्र उभे राहते. पण होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तरेकडील सहा प्रांतांचा 'तोहोकु' नावाचा जो भाग आहे, त्याचे खरे रूप पाहायचे तर भर हिवाळ्यातच जावे लागते. अकिता, आओमोरी आणि यामागाता हे त्यांपैकी पश्चिमेच्या समुद्राला लागून असलेले तीन प्रांत. डिसेंबर ते मार्च या काळात तेथील डोंगर, गावे, शेते आणि देवळे हिमाखाली गाडली जातात. अशा ठिकाणी जमिनीच्या पोटातून उकळते पाणी वर येते, आणि त्या पाण्याभोवती शेकडो वर्षांपासून धर्मशाळावजा खाणावळी, पुढे र्योकान म्हणजे जपानी पद्धतीची निवासगृहे, उभी राहिली आहेत.

एवढे हिम तेथेच का, हा प्रश्न मराठी माणसाला फार अवघड वाटू नये. हिवाळ्यात सैबेरियावरून अतिशीत कोरडे वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यात दक्षिणेकडून येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे पाणी त्या मानाने कोमट असते. वारे तेथे बाष्प उचलतात, ओऊ पर्वतरांगेवर आदळतात आणि पश्चिमेच्या अंगाला आपले ओझे उतरवतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जूनमध्ये पाण्याचे जे होते, तेच येथे डिसेंबरात हिमाचे होते. पर्वतापलीकडे पूर्वेला तसेच कोरडे ऊन, जसे घाट उतरल्यावर आपल्या देशावर. आओमोरी हे अडीच लाखांहून अधिक वस्तीचे शहर. वर्षभरात त्याच्यावर पडणाऱ्या हिमाची बेरीज सरासरीने पाच मीटरांच्या वर जाते.

हीच पर्वतरांग ज्वालामुखींची असल्यामुळे उष्ण झऱ्यांना तोटा नाही. संपूर्ण जपानात सुमारे २७ हजार उगम आणि निवासाची सोय असलेली सुमारे २,९०० ठिकाणे आहेत. 'ओन्सेन' हा शब्द तेथे वाटेल त्याला वापरता येत नाही. १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियस किंवा अधिक असावे लागते, अथवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी किमान एक तरी ठराविक प्रमाणात असावे लागते. प्रत्येक स्नानगृहाच्या भिंतीवर पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा तक्ता लावलेला असतो. आपल्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टासारखाच तो वाचण्याजोगा असतो. २००४ साली नागानो प्रांतातील एका नामांकित ठिकाणी पाणी दुधाळ दिसावे म्हणून भुकटी मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि देशभर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले, फिरवून वापरले वा निर्जंतुक केले आहे का, हेही जाहीर करण्याचे बंधन आले.

सुकायु

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा टोकियोत नोकरीनिमित्त राहणारी माझी भाची दुभाषी म्हणून सोबत होती. टोकियोहून नव्या आओमोरीपर्यंत २०१० पासून शिंकानसेन जाते. सुमारे ६७५ किलोमीटरचे अंतर तीन-सव्वातीन तासांत तुटते. तेथून हाक्कोदा पर्वतातील सुकायु येथे जायला बस. रस्ता दोन हिमभिंतींमधून वर चढतो. बसच्या खिडकीतून काहीही दिसत नाही, फक्त पांढरी भिंत. सुकायुच्या पुढे तो रस्ता हिवाळाभर बंदच असतो. म्हणजे आपण अक्षरशः रस्त्याच्या टोकाशी मुक्कामाला असतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर असलेल्या या ठिकाणी हवामानखात्याची हिम मोजण्याची जागा आहे. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेथे साचलेल्या हिमाची उंची ५६६ सेंटिमीटर भरली. वाडा लाकडी, ऐसपैस, करकरणाऱ्या ओसऱ्यांचा. तळमजल्याच्या खिडक्यांना फळ्या लावलेल्या, कारण बाहेर हिमच आहे. रात्री छतावरचे हिम घसरून पडते तेव्हा भिंत हादरते आणि पहिल्या रात्री तरी झोप मोडते.

येथील स्नानगृहाला 'सहस्रजनांचे स्नान' अशा अर्थाचे नाव आहे. हिबा नावाच्या सुगंधी लाकडाचे, एकही खांब मध्ये नसलेले ते दालन पाहिले की एखाद्या जुन्या संस्थानी दरबार हॉलची आठवण यावी. आत दोन मोठे हौद. पाणी गंधकयुक्त, आम्लधर्मी. पीएच दोनच्या आसपास. डोळ्यात थेंब गेला तर चांगलेच झोंबते. साबण या दालनात वापरत नाहीत, आणि वापरला तरी त्या पाण्यात फेस येणार नाही. स्त्री-पुरुषांचे स्नान एकत्र असण्याची जुनी रीत येथे टिकून आहे. मात्र हौदात सीमा आखलेली, पाणी दुधाळ, वाफ दाट आणि स्त्रियांसाठी सकाळ-संध्याकाळ स्वतंत्र वेळ राखलेली असते. सौभाग्यवतींनी त्या स्वतंत्र वेळेचाच लाभ घेतला, हे सांगायला नकोच.

स्नानाचे नियम थोडे, पण कडक. आधी अंग स्वच्छ धुवायचे, मग हौदात उतरायचे. हौद हा धुण्यासाठी नाही, शेकण्यासाठी आहे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. उतरण्यापूर्वी पायांपासून सुरुवात करून वर वर गरम पाणी ओतून घ्यायचे. आमच्या आजोळी थंडीत नहाणीघरात आजी मुलांना अगदी असेच, आधी पायांवर तांब्या ओतून, न्हाऊ घालीत असे. स्नानानंतर घालायचा युकाता हा सुती झगा डावा पदर वर येईल असाच बांधायचा. उजवा पदर वर फक्त मृताच्या अंगावर असतो. माझ्या बाबतीत भाचीने पहिल्याच संध्याकाळी "मामा, डावा वर!" अशी दटावणी देऊन ठेवली होती.

शाकाहाराचा प्रश्न मात्र गंभीर. जेवण निवासातच, ठराविक वेळी, पंधरावीस लहान वाडग्यांतून येते. रूप देखणे, पण ज्या सारात भाजी शिजते, ते सार सुकवलेल्या बोनिटो माशाचे असते, आणि यजमानांच्या दृष्टीने ती भाजीच असते. खोली राखतानाच 'माशाचे सारही नको' असे लेखी कळवले, तर बहुतेक ठिकाणी टोफू, रानभाज्या, कंदमुळे, अळंबी आणि भात यांची उत्तम व्यवस्था होते. ऐनवेळी सांगून उपयोग नाही. डोंगरात दुकान नसते.

एके काळी या जागा सहलीसाठी नव्हत्या. 'तोजी' म्हणजे उष्णोदकचिकित्सा. भातकापणी आटोपली की शेतकरी कुटुंबे तांदूळ आणि मिसो पाठीवर घेऊन येत, स्वतः रांधत आणि राहत. सात दिवसांचे एक आवर्तन, अशी तीन आवर्तने पूर्ण झाली म्हणजे उपचार पुरा. सुकायुला साध्या खोल्यांचा असा स्वतंत्र विभाग अजून आहे. १९५४ साली शासनाने आरोग्यदायी उष्णोदकस्थळे जाहीर करण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिल्या यादीत सुकायु होते.

पाणी खरोखर काय करते?

हा प्रश्न आपल्या मंडळींना पडणारच. गंधक, लोह, क्षार यांपैकी कशाचा गुण कशावर, याचे तक्ते तेथे टांगलेले असतात. त्यांतील बराचसा भाग परंपरेचा आहे असे मानून चालावे. परंतु ४१-४२ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या शरीरात काय घडते, हे शरीरक्रियाशास्त्राने नीट सांगता येते. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, परिघीय रोध घटतो, नाडी वाढते. पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते. स्नायू सैलावतात, सांध्यांवरचा भार हलका होतो.

२०२० साली 'हार्ट' या नियतकालिकात एक जपानी अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ३० हजार व्यक्तींचा १९९० ते २००९ असा पाठपुरावा त्यात होता. आठवड्यातून दोन वेळा किंवा कमी टबस्नान करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ रोज करणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी व पक्षाघाताचा २६ टक्क्यांनी कमी आढळला. स्नान घरचे होते, झऱ्याचे नव्हते. शिवाय अभ्यास निरीक्षणात्मक. रोज निवांत स्नान करू शकणारा माणूस मुळातच बरा असण्याची शक्यता उरतेच.

नाण्याची दुसरी बाजूही त्याच देशाने मोजली आहे. स्नानाशी संबंधित आकस्मिक मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे १९ हजार असावी, असा अंदाज जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या संशोधकगटाने काढला होता. बहुतेक वृद्ध, बहुतेक हिवाळ्यात, बहुतेक घरीच. कारणपरंपरा सहज उलगडते. थंडगार कपडे बदलण्याच्या खोलीत रक्तदाब चढतो. गरम पाण्यात तो घसरतो. झटकन उठून उभे राहिले की आणखी घसरतो. भोवळ येते आणि माणूस पाण्यात बुडतो. म्हणून तेथील शासन सांगते : पाणी ४१ अंशांच्या आत, वेळ दहा मिनिटांच्या आत, कपडे बदलण्याची जागा आधी उबदार, आणि मद्यपानानंतर स्नान नाही. आपल्याकडील मधुमेही, बीटा ब्लॉकर वा अल्फा ब्लॉकर घेणारे ज्येष्ठ रुग्ण हल्ली मुलांकडे परदेशी जातात आणि अशा सहली करून येतात. प्रवासापूर्वीच्या तपासणीत विम्याबरोबर हेही दोन शब्द सांगावेत, असे मला वाटते.

गर्भवतींविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. जपानच्या अधिकृत निषेधयादीत गर्भारपण १९८२ पासून होते. पुरेसा आधार नाही म्हणून २०१४ साली ते वगळण्यात आले. आपल्या चरकसंहितेतील स्वेदाध्यायात ज्यांना स्वेदन देऊ नये अशांची यादी आहे, तीत गर्भिणीही आहे आणि नित्य मद्य पिणाराही. चरकांनी पहिल्याबाबत घेतलेली खबरदारी आता जपानने सैल केली. दुसऱ्याबाबतीत दोघांचे एकमत कायम आहे.

हिमातले अदृश्य संकट

१९०२ च्या जानेवारीत आओमोरीच्या पाचव्या पायदळ पलटणीचे २१० जवान हिमातील सरावासाठी हाक्कोदाकडे निघाले. मुक्काम ठरला होता ताशिरो या उष्णोदकस्थळी, अंतर जेमतेम वीस किलोमीटर. वादळात वाट चुकली. गरम पाण्याचे ते ठिकाण त्यांना सापडलेच नाही, आणि १९९ जण दगावले. वाचलेल्या ११ जणांपैकी बहुतेकांचे हातपाय हिमदंशामुळे कापावे लागले. त्याच दिवसांत होक्काइदोतील असाहिकावा येथे उणे ४१ अंश तापमान नोंदले गेले. जपानमधील तो नीचांक आजही कायम आहे.

दुसरी घटना अलीकडची. २९ डिसेंबर २००५ रोजी अकिता प्रांतातील दोरोयु येथे सहलीस आलेल्या एका कुटुंबातील चौघे जण वाहनतळाजवळच्या हिमातील खळग्यातील दुर्घटनेत मृत्यू पावले. जमिनीतून झिरपणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. हिमाच्या भिंतींनी वारा अडला आणि खळग्यात तो साचून राहिला. एकापाठोपाठ एक माणूस आत गेला. विहिरीत किंवा गटारात उतरलेल्या कामगारांच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांचीच ही हिमप्रदेशातील आवृत्ती. या वायूचा दगाबाजपणा आपण विषशास्त्रात शिकलेलाच आहे : थोडा असता सडक्या अंड्याचा वास येतो, मात्रा वाढली की घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणून गंधकाच्या स्नानगृहाची झरोके-खिडकी गार वारा येतो म्हणून बंद करू नये, आणि 'प्रवेश बंद' अशा दोरीपलीकडे छायाचित्रासाठी जाऊ नये.

जंतूंच्या बाजूने पाहता आम्लधर्मी वाहते पाणी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण लिजिओनेला त्यात वाढत नाही. भीती असते ती तेच पाणी पुनःपुन्हा फिरवणाऱ्या मोठ्या सुविधांची. २००२ साली मियाझाकी प्रांतात, म्हणजे पार दक्षिणेला, अशाच एका स्नानगृहातून संशयितांसह जवळपास तीनशे जणांना लागण झाली व सात जण मृत्यू पावले.

तप्त शिळा

सुकायुच्या ओसरीवर सफरचंदाच्या बागा असलेल्या एका वृद्धेशी भाचीचे बोलणे झाले. मी डॉक्टर आहे हे कळताच तिने विषय काढला तो तामागावाचा. अकितातील तामागावा येथे ओबुकी नावाच्या एकाच उगमातून मिनिटाला सुमारे ९,००० लिटर, ९८ अंशांचे पाणी उसळते. पीएच साधारण १.२, म्हणजे आपल्या जठररसाच्या पंगतीला बसणारे. भोवतालचे खडक तापलेले, आणि तेथील होकुतोलाइट नावाच्या खनिजात किंचित रेडियम. १९५२ पासून ते विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहे. या गरम खडकांवर चटई अंथरून, घोंगडी पांघरून लोक पडून राहतात. त्यांत कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. शस्त्रक्रिया झालेले, होऊ न शकलेले, औषधे थांबवलेले.

तिचा नवरा फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी होता. चार उन्हाळे तो तेथे गेला. मी विचारले, "बरे वाटत असे का त्यांना?" भाचीने उत्तर सांगितले ते असे : "आजार होता तसाच राहिला. पण तेथे त्यांना 'आता कसे आहे?' असे कोणी विचारीत नसे, कारण शेजारच्या चटईवरचाही तसाच होता." मग तिने मला विचारले, "तुमच्याकडे आहेत का असे दगड?"

मी तिला सांगितले की दगडांबद्दल एक जुना ग्रंथ आहे. चरकांनी सांगितलेल्या तेरा स्वेदांत 'अश्मघन' स्वेद येतो. पुरुषभर लांबीची शिळा लाकडांच्या अग्नीने तापवावी, निखारे काढून गरम पाण्याने धुवावी, तीवर रेशमी वा लोकरी वस्त्र पसरावे आणि रुग्णाने अंगाला तेल लावून, पांघरून तीवर निजावे. वातविकारांसाठी तो आहे. हे ऐकून ती बराच वेळ मान हलवीत राहिली. गोध्र्याजवळच्या तुव्याचे कुंड, वांसद्याजवळचे उनाई, ठाणे-पालघरकडील वज्रेश्वरी-गणेशपुरी, संगमेश्वराकडील राजवाडी-तुरळ यांविषयीही सांगितले. आपल्याकडे कुंडाशी देऊळ असते, तेथे धर्मशाळा असते, हे तिला चटकन समजले.

त्या खडकांनी किंवा रेडियमच्या अल्प किरणोत्साराने कर्करोग हटतो असा पुरावा नाही, आणि रुग्णाने उपचार सोडून तेथे जाऊन पडणे हे धोक्याचेच आहे. १ फेब्रुवारी २०१२ रोजी तर तंबूत खडकावर निजलेल्या तीन पाहुण्यांवर हिमकडा कोसळून त्यांचा अंत झाला. तरीही ज्याच्यापुढे आम्ही हात टेकलेले असतात, त्याला आमच्या वॉर्डात न मिळणारी एक गोष्ट शेजारच्या चटईवर मिळत असेल, तर 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून मोकळे होणे मला जमत नाही. सुश्रूषागृहे आणि वेदनाशमन केंद्रे आपल्या शहरांत अजून किती थोडी आहेत!

तामागावाच्या याच पाण्याने एक अनर्थही केला. १९४० साली वीज आणि सिंचनासाठी ते ताझावा सरोवरात वळवले गेले. ४२३ मीटर खोल, जपानमधील सर्वांत खोल असे ते सरोवर आम्लमय झाले आणि जगात केवळ तेथेच असलेला कुनिमासु हा मासा नाहीसा झाला. पण त्याआधी त्याची अंडी दूरच्या तळ्यांत नेऊन सोडण्याचे प्रयत्न झाले होते. २०१० साली फूजी पर्वताच्या पायथ्याशी सायको सरोवरात त्याचे वंशज जिवंत सापडले. ताझावाचे पाणी मात्र अजून त्याला परत नेण्याजोगे झालेले नाही.

कुसात्सूचा दुसरा इतिहास

तोहोकुच्या दक्षिणेस, गुन्मा प्रांतात, १,२०० मीटर उंचीवर कुसात्सू आहे. तेथेही हिम, तेथेही आम्लधर्मी पाणी. टोकियोत १८७६ पासून वैद्यक शिकवणारे आणि पुढे राजघराण्याचे वैद्य झालेले जर्मन डॉक्टर एर्विन फॉन बेल्झ यांनी या पाण्याची कीर्ती युरोपभर नेली. उकळते पाणी साध्या पाण्याने पातळ न करता लांब फळ्यांनी घुसळून निववण्याची आणि एका म्होरक्याच्या आरोळीबरोबर तीन मिनिटे त्यात बसण्याची तेथील जुनी रीत त्यांनी अभ्यासली. ही बाजू पर्यटकांना सांगितली जाते.

त्या आम्लजलाच्या आशेने कुष्ठरोगीही तेथे येत आणि त्यांची वेगळी वस्ती होती. १९१६ पासून मेरी कॉर्नवॉल ली या इंग्रज मिशनरी बाईंनी त्यांच्यात राहून दवाखाना, शाळा आणि घरे उभारली. १९३२ साली शासनाने तेथे कुष्ठाश्रम काढला आणि पुढे मोकळी वस्ती मोडून रुग्णांना त्यात कोंडले. १९३८ ते १९४७ या काळात तेथील एकांतकोठडीत ९३ रुग्ण डांबले गेले. २३ जणांचा अंत झाला. हिमाच्या प्रदेशात, चौकशीविना. औषध उपलब्ध झाल्यावरही पृथक्करणाचा कायदा १९५३ साली नव्याने झाला आणि थेट १९९६ साली रद्द झाला. २००१ साली न्यायालयाने शासनाला दोषी ठरवले. त्यानंतरही २००३ साली दक्षिणेतील एका उष्णोदक हॉटेलाने बऱ्या झालेल्या वृद्धांना खोल्या नाकारल्या. आनंदवनाची परंपरा सांगणाऱ्या आपण मराठी वैद्यांनी कुसात्सूला गेल्यास तो आश्रम आणि त्या कोठडीचे स्मृतिसंग्रहालय पाहिल्यावाचून परतू नये.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे. वेळ कमी असेल तर ताझावा स्थानकातून बसने न्यूतो येथे जावे. डोंगराच्या आकारावरून पडलेल्या या नावाचा अर्थ 'स्तनाग्र'. शरीररचनाशास्त्र शिकलेल्यांपुढे तो लपवण्यात अर्थ नाही. सात निवासांपैकी त्सुरुनोयु सर्वांत जुना. १६३८ मध्ये अकिताच्या राजाने तेथे मुक्काम केल्याची नोंद आहे, आणि गवताने शाकारलेली रक्षकांची ओळ अजून उभी आहे. उघड्यावरच्या दुधाळ कुंडात बसले असता डोक्यावर हिम पडत राहते. यामागातातील गिन्झान फार देखणे, पण गर्दीमुळे २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून तेथे मुक्कामाला नसलेल्यांच्या संध्याकाळच्या प्रवेशावर मर्यादा घातली गेली. बुटांना घसरू न देणारे तळ हवेत, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि बस दिवसातून मोजक्या वेळा असल्याने वेळापत्रक आधी पाहावे. चांदीचे दागिने खोलीतच काढून ठेवावेत. गंधकाच्या पाण्याने ते एका स्नानात काळे पडतात, आणि मग घरी चिंच लावून घासत बसावे लागते.